बाड्यावरचे तास

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर नोव्हेंबर महिना पेन्शनरांचा असतो. सकाळचं ऊन हवंसं वाटायला लागलेलं असतं, आणि डबरा, भितरवार, घाटीगाव, मुरार अशा चहूबाजूंनी बसने, टेंपोने, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून म्हातारी माणसं शहराच्या लष्कर भागात उतरतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि घड्या पडून पडून चिरलेला पेन्शनचा कागद. हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो वेळेत गेला नाही तर पेन्शन अडकते, आणि अडकलेली पेन्शन सोडवण्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे या वयात झेपत नाहीत.

मी लष्करातल्याच एका कॉलेजात शिकवते. एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आमची मुलं या महिन्यात बाड्याच्या एका कडेला टेबल टाकून बसतात आणि मोबाइलवरून हे दाखले काढून देतात. कुणाकडून पैसे घेत नाहीत. त्यांना मिळतात ते तास. हे तास डायरीत चढतात, तासांचे श्रेयांक होतात, आणि काही मुलांच्या बाबतीत त्याच तासांवर फीसुद्धा भरली जाते. या शेवटच्या गोष्टीबद्दल मला लिहायचं आहे. तिच्यावरून मला सर्वांत जास्त ऐकून घ्यावं लागलं, आणि तिच्याबद्दलच माझी सर्वांत जास्त खात्री आहे.

आधी बाडाच का, ते सांगते. एनएसएसच्या पद्धतीप्रमाणे कॉलेजने गाव दत्तक घ्यायचं आणि तिथे सात दिवसांचं शिबिर करायचं: पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. ते आम्ही करतोच. पण गावातल्या माणसाचं अडलेलं काम बहुतेक वेळा गावात नसतं, शहरातल्या कुठल्यातरी खिडकीवर असतं. आणि ग्वाल्हेरच्या पंचक्रोशीतला माणूस शहरात आला की बाड्यावर येतोच. मधोमध जिवाजीराव शिंद्यांचा पुतळा, भोवती टपाल कचेरी, टाउन हॉल, केंद्रीय ग्रंथालय, जुना सरकारी छापखाना, पलीकडे गोरखी. सराफा, टोपी बाजार, दौलतगंज सगळे इथूनच फुटतात. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास इथे पडली आणि तिचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी ही नावं आमच्या मराठी लोकांनी मागे ठेवलेली. बाड्याच्या चौकाला आमच्या घरातले जुने लोक जयाजी चौक म्हणत. व्हिक्टोरिया मार्केट 2010 मध्ये जळालं तेव्हा अख्खं लष्कर हळहळलं होतं; आता तीच इमारत पुन्हा उभी राहून तिच्यात भूविज्ञानाचं संग्रहालय झालं आहे. बाडा असा आमच्या सर्वांच्या जाण्यायेण्यातला. दत्तक गाव पायी चालत आपल्याकडे येत असेल, तर तिथेच टेबल मांडावं, हे मला सरळ वाटलं.

हयातीच्या दाखल्याचं काम सोपं दिसतं, तसं ते नाही. ‘जीवन प्रमाण’ ही ऑनलाइन सोय 2014 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिला बोटाचा ठसा नाहीतर बुबुळ यंत्राने टिपावं लागे. ज्यांनी जन्मभर फावडं धरलं किंवा चुन्यात हात घातले, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात; यंत्र त्या वाचत नाही. 2021 पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला काढता येतो. त्यामुळे यंत्र लागत नाही, फक्त एक बरा फोन आणि धीर धरणारा माणूस लागतो.

मुलांना बसवण्याआधी मी काही गोष्टी घोकून घेते. कुणाचाही आधार क्रमांक कुठल्याही वहीत उतरवायचा नाही. ओटीपी ज्याचा त्याने स्वतः टाकायचा. त्यांचा हात थरथरत असला तरी आपण थांबायचं, फोन हातातून ओढून घ्यायचा नाही. खात्यात किती आहेत ते विचारायचं नाही, चुकून दिसलं तर बोलायचं नाही. दाखला निघाला की त्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून हातात द्यायचा. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र हवंच, कारण फोनवरून फसवले गेलेले लोक आता गावागावांत आहेत आणि चौकात टेबल टाकून कागद मागणाऱ्या तरुण मुलांकडे त्यांनी संशयाने पाहावं हे योग्यच आहे.

जनकगंजात राहणारी, बीएच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यापुढे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. कानटोपी, जाड भिंगाचा चष्मा. फोन त्यांचा चेहरा घेईना. तिने आधी ओळखलं की ऊन त्यांच्या पाठीमागून येतंय; खुर्ची फिरवून घेतली. मग टोपी काढायला लावली, चष्मा काढायला लावला. तरी अडलं. ते ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, आणि त्यांना सूचना कळत नव्हती, ते डोळे आणखीच ताणून कॅमेऱ्याकडे पाहत होते. मुलगी टेबल सोडून त्यांच्यासमोर उकिडवी बसली, फोन एका हातात उंच धरला आणि स्वतः सावकाश डोळे मिटून उघडून म्हणाली, “बाबूजी, ऐसे.” त्यांनी तिच्याकडे बघून तसंच केलं आणि दाखला निघाला. “बस, इतना ही?” एवढंच ते बोलले. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. शेजारच्या विधवेचा होता. ती खाटेवरून उठू शकत नव्हती. तिचं काम इथे बसून होण्यासारखं नव्हतं, चेहरा समोर हवा. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिने पत्ता उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात ती आणि वर्गातली एक मैत्रीण घाटीगावच्या बाजूला त्या घरी जाऊन आल्या. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जोडीने घरी जाणं हा आमच्या कामाचा भाग झाला.

डायरीत मी ‘वृद्धांची सेवा केली’ असली वाक्यं चालू देत नाही. काय केलं आणि काय राहिलं, दोन्ही लिहायचं. त्या मुलीने लिहिलं होतं: टेबल पश्चिमेकडे तोंड करून लावावं, म्हणजे सकाळी समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल. आम्ही आता तसंच लावतो.

आता तासांकडे येते. विद्यार्थ्यांनी समाजासाठी किती वेळ द्यावा हा हिशेब आपल्याकडे जुना आहे, आणि तो मांडणाऱ्यांत आपला एक मोठा माणूस होता. चिंतामणराव देशमुख म्हटलं की आपल्याला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आठवतात, संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडणारे आठवतात. पण 1959 साली विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवेची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही तेच. त्यांच्या समितीने सुचवलं की कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीने करावी. खर्च झेपणार नाही म्हणून ते मागे पडलं. पुढे शिक्षणतज्ज्ञ सय्यदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या पद्धती पाहून ही सेवा ऐच्छिक असावी असा सल्ला दिला, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजकार्य असावं असं म्हटलं, आणि 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास, म्हणजे वर्षाला 120, हे माप आमच्या अंगवळणी पडलेलं आहे.

2020 च्या शिक्षण धोरणाने त्यात एक फरक केला. मध्य प्रदेशाने ते 2021-22 पासूनच कॉलेजांत आणलं आणि सामाजिक काम अभ्यासक्रमाच्या चौकटीत आलं. साधारण तीस तासांच्या कामाला एक श्रेयांक. म्हणजे एनएसएसचे वर्षाचे तास मोजले तर चार श्रेयांक होतात. पूर्वी जे काम मुलं तास बुडवून, शिक्षकांची नाराजी पत्करून करत, ते आता गुणपत्रिकेत दिसतं. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी मनापासून मानते.

पण श्रेयांकाने गुणपत्रिका भरते, फीची पावती फाडता येत नाही.

माझ्या वर्गात टोपी बाजाराजवळच्या एका कपड्यांच्या दुकानात काम करणारा मुलगा होता. वडील भाड्याची ई-रिक्षा चालवतात. कॉलेज सुटलं की तो दुकानावर, रात्री शटर पडेपर्यंत. अनोळखी माणसाशी कसं बोलायचं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं; म्हातारी बाई गोंधळली तर तिला घाई न करता बसवून घ्यायचं कसब दुकानानेच त्याला दिलं होतं. मी त्याला नोव्हेंबरच्या टेबलासाठी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, आ तो जाऊंगा, पर दिहाड़ी कटेगी.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो मला फक्त हिशेब सांगत होता. शिबिरांच्या जुन्या याद्या काढून पाहिल्या तर दिसेल की सात दिवस घर सोडून येणारी मुलं बहुतेक अशा घरची असतात जिथे त्यांच्या कमाईवाचून काही अडत नाही. ज्यांना गरज म्हणजे काय हे घरात बसून कळतं, नेमकी तीच मुलं सेवेच्या बाहेर राहतात. हे मला पटत नव्हतं, आजही पटत नाही.

मग आम्ही तिघाचौघा प्राध्यापकांनी मिळून एक निधी सुरू केला. लष्करातल्या काही जुन्या मराठी घरांनी आणि बाहेरगावी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यात भर घातली. नाव नाही, फलक नाही. सत्राच्या सुरुवातीला मूल आणि मी बसून ठरवतो: काम कोणतं, तास किती, कधीपर्यंत. तास पुरे झाले की त्या सत्राची फी निधीतून थेट कॉलेजच्या खिडकीवर भरली जाते. रोख हातात देत नाही. कारण घरात आजारपण असेल तर रोख तिकडे जाणार, आणि ते गैर आहे असं म्हणायला माझी जीभ उचलणार नाही; पण मग फी तशीच राहणार. तासाचा भाव ठरवताना आमची एकच अट होती: दुकान जे देतं त्यापेक्षा कमी नको. कमी दिलं तर आपण मुलाकडून त्याग मागत असतो, आणि वर त्याला मदत म्हणत असतो.

देणाऱ्याचं नाव मुलांना सांगत नाही. कुणाच्या सत्काराला त्यांना उभं करत नाही. एका देणगीदारांनी फोन करून घरचं सामान हलवायला ‘तुमचा एखादा मुलगा’ पाठवायला सांगितलं, तेव्हा मी नाही म्हटलं आणि त्यांची पुढची रक्कम आली नाही. ती न आलेली बरी.

“सेवेला भाव लावलात तुम्ही,” असं मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ऐकवलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी स्वतः आयुष्यभर पदरमोड करून काम केलं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. वसतिगृहातली मुलं जगावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, दिले. आणि 1947 मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. मुलांनी शेतात राबायचं, माती उपसायची, दगड फोडायचे आणि त्यावर शिकायचं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेने बोधवाक्य म्हणून मिरवलं. भाऊरावांच्या मुलांना कुणी म्हटलं नाही की तुम्ही शिक्षणाला भाव लावलात. गरीब मुलाकडे देण्यासारखी एकच गोष्ट असते, त्याचे श्रम, आणि ते मानाने घ्यावेत हे भाऊरावांना कळलं होतं. फरक इतकाच की त्या मुलांचे श्रम संस्थेच्या जमिनीत गेले, आमच्या मुलांचे बाड्यावर जातात.

शिष्यवृत्तीलाही माझा विरोध नाही. ती मिळायला हवी तितक्यांना मिळत नाही, हे माझं दुःख आहे. पण मिळालेली आणि कमावलेली पावती यांत मुलाच्या चालण्यात फरक पडतो, हे मी रोज पाहते.

एक धोका मात्र खरा आहे, आणि तो मी लपवणार नाही. तासाला किंमत आली की तास फुगतात. बॅनर धरून झाडूसह फोटो, एकाच खड्ड्यात दरवर्षी लावलेलं रोप, असल्या गोष्टी एनएसएसच्या नावावर किती चालतात हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून फी मिळणाऱ्या तासांवर माझी सही चालत नाही. ज्याचं काम झालं त्याची सही किंवा अंगठा, किंवा जिथे काम झालं तिथल्या जबाबदार माणसाची सही. फोटो तर मोजतच नाही.

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारं काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांचा लेखनिक होणं. परीक्षेत त्यांनी सांगायचं, याने लिहायचं. 2018 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावं लागे. म्हणजे पदवीच्या परीक्षेला बसणाऱ्यासाठी बारावी झालेली आमची पहिल्या वर्षाची मुलं नेमकी उपयोगी पडत. शिवाय तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात, तेव्हा तीन तासांचा पेपर चार तास चालतो. कपड्यांच्या दुकानातला तो मुलगा पहिल्यांदा गेला तो याच कामाला. पेपर इतिहासाचा होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं गेलं. तो बराच वेळ हाताची बोटं मोडत उभा होता. मग म्हणाला की एका ठिकाणी त्यांनी साल चुकीचं सांगितलं, मला बरोबर माहीत होतं, आणि मी चुकीचंच लिहिलं, कारण पेपर त्यांचा होता. त्याला ते फार लागलं होतं. त्या दिवशी त्याच्या वहीत चार तास चढले, केंद्रावरच्या पर्यवेक्षकांच्या सहीने. सेवा म्हणजे दुसऱ्याच्या जागी आपली हुशारी चालवणं नव्हे, हे मी बौद्धिक घेऊन शिकवू शकले नसते.

माझ्या आतेबहिणीची मुलगी न्यू जर्सीत वाढली. शाळा संपल्यावर तिने एक वर्ष ‘अमेरिकोर’ या तिथल्या सरकारी सेवा-योजनेत काढलं, गरीब वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यात. तिथे हा सगळा व्यवहार कायद्याने बांधलेला आहे, 1993 पासून. पूर्ण मुदतीची सेवा म्हणजे 1,700 तास. ती केली की शिक्षणासाठी जी रक्कम मिळते ती सरकारी पेल अनुदानाच्या कमाल रकमेइतकी, 2023-24 च्या हिशेबाने 7,395 डॉलर. शिवाय सेवेच्या काळात पोटापुरता भत्ता. आणि ती रक्कम हातात देत नाहीत. कॉलेजकडे किंवा शैक्षणिक कर्ज देणाऱ्याकडे परस्पर जाते. हे ऐकल्यावर मला आमच्या निधीचा नियम आठवून बरं वाटलं. त्याहून महत्त्वाचं हे की तिथे कुणी तिला ‘पैसे घेऊन सेवा केलीस’ असं म्हणालं नाही. तिचे तास सरकारने मोजले आणि फेडले.

आपल्याकडे चार घरांच्या देणग्यांवर हे किती मुलांपर्यंत पोचणार? फारच थोड्या. शुल्कमाफीच्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याला रकाना आहे, जातीच्या दाखल्याला आहे, मागच्या वर्षीच्या गुणांना आहे. समाजासाठी केलेल्या, कुणीतरी सही करून दिलेल्या तासांसाठी रकाना नाही. तो असावा, इतकीच मागणी मी लेखी केली आहे. विद्यापीठाला नवा पैसा लागणार नाही. जी माफी आज दिली जाते तिचा काही भाग या मार्गाने जाऊ शकतो. श्रेयांकांच्या नोंदी आता ऑनलाइन असतात, तास त्यांच्याशी जोडणं कठीण नाही.

तोवर आमची वही चालू आहे. दुकानातला तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या मुलांना ओटीपीचा नियम, उजेडाची बाजू, अंगठ्याच्या सहीखाली नाव कसं लिहायचं हे तोच समजावतो, आणि शिकवण्याचे ते तासही मी त्याच्या फीच्या खात्यावर चढवते.